‘नॅचरल’ पाऊच, सिरियलचा डबा, स्टीमर-ब्लेंडर आणि एक साधा काटा: बाळाच्या वरच्या खाण्याचा पाच महिन्यांचा रिव्ह्यू

लेक आता अकरा महिन्यांची आहे. सहा पूर्ण झाल्यावर वरचं सुरू केलं, म्हणजे पाच महिने झाले, आणि या पाच महिन्यांत बाळाच्या पहिल्या खाण्यासाठी म्हणून जे जे घरात आलं, काही आम्ही घेतलं, काही लोकांनी प्रेमाने आणून दिलं, त्या सगळ्याचा एकत्र रिव्ह्यू लिहितेय. कंपन्यांची नावं देत नाहीये, कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीच. चार वेगवेगळ्या कंपन्यांचे पाऊच वापरले आणि मागची बाजू वाचल्यावर चारही एकाच माळेचे मणी निघाले. ज्यांच्या बाळाला आत्ता पाचवा-सहावा चालू आहे आणि जे रात्री पाजता पाजता एका हाताने फोनवर ‘नॅचरल फर्स्ट फूड’ शोधतायत त्यांच्यासाठी हे आहे, मीही तेच करत होते आणि तेव्हा हे कोणीतरी सांगायला हवं होतं असं मला फार वाटतं.

आधी पाऊच. ते पिळायचे, वर झाकण असलेले. सुरुवातीला मी त्यावरच भिस्त ठेवली होती. पुढे हिरवागार रंग, पालकाचं पान, ब्रोकोलीचा तुरा, दोन मटार आणि मोठ्या अक्षरात ‘१००% नॅचरल’, ‘साखर घातलेली नाही’, ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’. मला वाटलं वा, भाज्या पोटात जातायत आणि मला काही करावं लागत नाहीये. लेक पण चट्टामट्टा करायची, अर्ध्या मिनिटात पाऊच रिकामा. तीन आठवडे हेच चाललं. एका रात्री नवऱ्याने अर्धा राहिलेला पाऊच चाटून बघितला आणि म्हणाला, ‘अगं यात पालक कुठाय?’ मी पण चाखलं. नुसतं सफरचंद. डोळे मिटून चाखलं तरी सफरचंदच. मग पाऊच पहिल्यांदा उलटा केला आणि मागची बारीक अक्षरं वाचली, सफरचंद ६८ टक्के, पेअर १४, मटार १०, पालक ५, ब्रोकोली ३. पुढच्या चित्रात सफरचंदाचा पत्ताच नव्हता हो. म्हणजे माझी मुलगी तीन आठवडे सफरचंदाचा गोड गर चोखत होती आणि मी वहीत ‘आज पालक खाल्ला’ असं लिहून ठेवत होते.

यात खोटं काहीच लिहिलेलं नाही, हेच मला जास्त लागलं. साखर खरंच वरून घातलेली नाही. पण फळ शिजवून एकदम गुळगुळीत घोटलं की त्यातली साखर अख्ख्या फळासारखी पेशींत बंद राहत नाही, सुटी होते, आणि तोटीतून चोखल्यावर दातांवर, हिरड्यांवर रेंगाळते. काही पाऊचमध्ये तर फळाच्या रसाचा कॉन्सन्ट्रेट, म्हणजे आटवलेला रस असतो आणि जागतिक आरोग्य संघटना त्याला सरळ मोकळ्या साखरेतच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत मोजते. २०१९ मध्ये त्यांच्या युरोप विभागाने व्हिएन्ना, सोफिया, बुडापेस्ट आणि हैफा या चार शहरांत दुकानांतलं जवळजवळ ८ हजार प्रकारचं बेबी फूड तपासलं, तर चारपैकी तीन शहरांत निम्म्या किंवा त्याहून जास्त प्रॉडक्ट्समध्ये ३० टक्क्यांहून जास्त कॅलरी नुसत्या साखरेतून येत होत्या. आणि शहर बदलेल तसं २८ ते ६० टक्के प्रॉडक्ट्सवर सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना चालेल असं लिहिलेलं होतं. माझ्याकडच्या एका पाऊचवर पण ‘४ महिन्यांपासून’ छापलं होतं. सहा महिने फक्त दूध आणि मग वरचं, हे ती संघटना किती वर्षं सांगतेय, युरोपातले बालपोटविकारतज्ज्ञसुद्धा १७ आठवड्यांच्या आत तर अजिबात नको म्हणतात, आणि पाकिटावर मात्र चार छापून मोकळे.

मी एका कंपनीला लिहिलं होतं, की पुढच्या चित्रात सफरचंद का नाही. उत्तर आलं की आमच्या उत्पादनात फक्त नैसर्गिक शर्करा आहे आणि आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे. माझा प्रश्न शर्करेचा नव्हताच, चित्राचा होता. पुन्हा लिहिलं, त्याला उत्तर नाही आलं.

पाऊचबद्दल अजून एक, आणि हे मला साखरेपेक्षा मोठं वाटतं. तोटीतून चोखताना बाळाला खाणं दिसत नाही, वास येत नाही, हाताला लागत नाही, जिभेने इकडून तिकडे फिरवावं लागत नाही. चोखणं तर तिला जन्मापासून येतंय, त्यात नवीन काय शिकली? सहा महिन्यांनी जे शिकायचं ते हेच ना, की तोंडात आलेला घट्ट गोळा जिभेने मागे कसा न्यायचा, हिरड्यांनी कसा दाबायचा. पाऊच तोंडात धरून ते कधीच येत नाही. म्हणून घेतलाच तर वाटीत पिळा आणि चमच्याने द्या. पाचपैकी दीड. तो दीड पण प्रवासासाठी, त्याचं शेवटी सांगते.

मग आमच्या डॉक्टरांकडे सातव्या महिन्यात गेलो. वजन, उंची सगळं ठीक. त्यांनी विचारलं काय काय खाते, मी आनंदाने यादी वाचली, सफरचंद, पेअर, केळं, आंबा, गाजर, भोपळा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, ‘आणि लोह कुठून येतंय?’

मला उत्तर देता आलं नाही. खरंच नाही देता आलं.

हे सगळ्या नवीन आईबाबांनी आधी समजून घ्यावं असं मला वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. पूर्ण दिवस भरून जन्मलेलं बाळ पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण चार ते सहा महिने पुरतो. आईच्या दुधात बाकी बरंच काही आहे पण लोह अगदी थोडं असतं, ते बाळाच्या अंगी चांगलं लागतं खरं पण थोडंच. म्हणजे साठा संपायची वेळ आणि वरचं सुरू करायची वेळ एकच येते, आणि हे काही योगायोगाने नाहीये, वरचं सुरू करायचं एक मोठं कारणच ते आहे. अमेरिकेत ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलीग्रॅम लोह धरतात, मोठ्या पुरुषाला ८. परत एकदा वाचा, आठ किलोच्या बाळाला बापापेक्षा जास्त. आणि पोट केवढं, तर सहा ते आठ महिन्यांत दुधाव्यतिरिक्त दिवसाला साधारण २०० कॅलरीच वरच्या खाण्यातून जायच्या असतात. त्या २०० तल्या दीडशे जर सफरचंदाने खाल्ल्या तर लोहाला जागा उरतच नाही. मला जे कोणी नीट सांगितलं नव्हतं ते हे, की पहिले घास इतके थोडे असतात म्हणूनच प्रत्येक घासात काहीतरी असायला हवं. फळं वाईट नाहीत, आजही रोज देते, पण ती सगळी जागा अडवून बसली होती.

घरी येऊन पहिला शोध सिरियलच्या डब्याचा घेतला. हा डबा आमच्याकडे आधीपासून होता, कोणीतरी दिलेला, आणि मीच बाजूला टाकला होता, कारण मागे ‘फेरस फ्युमरेट’ (म्हणजे लोहच, वरून घातलेलं) वगैरे लिहिलं होतं आणि मला वाटलं हे केमिकल, हे नॅचरल नाही. माझी चूक ही अशी झाली. ज्या डब्यात लोह होतं तो ‘नॅचरल’ नाही म्हणून सारला आणि ज्या पाऊचमध्ये काहीच नव्हतं तो पानाचं चित्र बघून उचलला. वरून घातलेलं लोह म्हणजे विष नाही हो, हे लोह घालण्याची पद्धत बाळांच्या रक्तासाठीच आली. आता साधा, बिनसाखरेचा, बिन व्हॅनिलाचा, लोह घातलेला ओट्सचा डबा घरात असतो आणि त्याला मी पाचपैकी चार देते.

एक का कापला तर दोन गोष्टी. एक म्हणजे चव घातलेले डबे. ‘फळं आणि दूध’ किंवा ‘व्हॅनिला’ असं काही लिहिलं की मागे साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, साखरेसारखीच पटकन पचणारी पावडर) बघायचंच, झाकण उघडल्यावर बिस्किटाच्या पुड्यासारखा वास आला तर समजून जायचं. दुसरं म्हणजे तांदळाचं सिरियल. जुन्या सल्ल्यात पहिलं खाणं म्हणजे राईस सिरियल असंच असायचं, पचायला हलकं, ॲलर्जी कमी म्हणून. पण भाताचं पीक पाण्यात उभं असतं, पाणी साचलेल्या जमिनीत आर्सेनिक सुटं होतं आणि भाताचं रोप ते इतर धान्यांपेक्षा जास्त ओढून घेतं. म्हणून युरोपात २०१६ पासून बाळांच्या खाण्यासाठीच्या तांदळाला किलोमागे ०.१ मिलीग्रॅमची मर्यादा आहे, आणि अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २०२० मध्ये बाळांच्या राईस सिरियलसाठी तेवढीच ठरवली. याचा अर्थ तांदूळ बंद करा असा अजिबात नाही, घाबरू नका. रोज तिन्ही वेळा तांदूळच नको, एवढंच. ओट्स, बार्ली, गहू, दुसरी धान्यं आलटून पालटून द्या.

आणि कोणी म्हणालं की ऑरगॅनिक घे म्हणजे हा प्रश्न नाही, तर तसं नाहीये. आर्सेनिक, शिसं हे मातीतून, पाण्यातून येतं, फवारणी न केल्याने ते जात नाही. जमिनीखाली वाढणाऱ्या भाज्यांमध्ये पण थोडं असतंच, म्हणजे घरचं गाजर, रताळंही यातून सुटत नाही. मला हे कळल्यावर दोन दिवस झोप लागली नाही, मग डॉक्टरांनीच समजावलं की एकाच गोष्टीवर अडून न बसणं, रोज वेगवेगळं देणं हाच यावरचा साधा उपाय आहे. लोह पोटात पुरेसं असलं की शरीर शिसं पण कमी शोषतं हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे फिरून पुन्हा लोहच.

आता काटा. जेवणाच्या टेबलावरचा साधा चार दातांचा काटा. त्याला मी पाच देते आणि मला तर पाचाच्या वर द्यावंसं वाटतं.

सातव्या महिन्यापासून आमचं सगळं काट्यावर आलं. रताळं सालासकट मऊ होईपर्यंत वाफवायचं, साल बोटाने ओढली की सटकन निघते, मग वाटीत काट्याच्या पाठीने दाबायचं. पहिल्या दाबात मोठ्या फोडी होतात, दुसऱ्यात कण, तिसऱ्यात मऊ लगदा, आणि कुठे थांबायचं हे आपल्या हातात असतं, हा या काट्याचा सगळ्यात मोठा गुण आहे. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या दाबाला थांबले आणि अंगावरचं दूध घालून सैल केलं, पुढे दुसऱ्याला थांबले, नवव्या महिन्यात एकच दाब. रताळ्याचे धागे काट्याच्या दातांत अडकून राहतात, ते तेवढे काढून टाकते, कारण लेकीच्या जिभेवर धागा आला की ती जीभ बाहेर काढून बसते आणि मग पुढचा घास घेतच नाही.

काट्याखाली जे जे गेलं त्याबद्दल. मसूर सगळ्यात भारी, लवकर शिजतो, मऊ होतो, काट्याची पण गरज पडत नाही, आणि त्यात लोह आहे, प्रथिनं आहेत. धान्य-कडधान्यातलं लोह अंगी लागायला जरा आढेवेढे घेतं, पण बरोबर सी व्हिटॅमिन असलं की बरंच जास्त शोषलं जातं, म्हणून मसुराबरोबर टोमॅटो किंवा नंतर संत्र्याची साल काढलेली फोड. इथे फळ कामाला आलं, कुठे बसवायचं ते कळल्यावर. अंडं पूर्ण उकडून, पिवळा आणि पांढरा दोन्ही, काट्याने कुस्करून थोडं दूध घालून. मासे आम्ही खातो म्हणून काटे दोन-दोनदा बोटांनी चाचपून काढून दिले, मांसाहारातलं लोह सगळ्यात सहज लागतं, जे खातात त्यांनी मऊ शिजवलेलं, बारीक केलेलं मांस सहा महिने पूर्ण झाल्यापासूनच द्यायला हरकत नाही, त्याला वर्ष पूर्ण व्हायची वाट बघायची गरज नसते. ॲव्होकॅडो मस्त, शिजवावं लागत नाही, पण अर्धं उरलेलं काळं पडतं. केळं सोपं, फक्त आमच्याकडे केळं आणि तांदूळ एका आठवड्यात जास्त झालं आणि शी घट्ट झाली, पेअर दिल्यावर दोन दिवसांत ठीक. बीट दिलं की डायपर लाल दिसतो, घाबरून डॉक्टरांना फोन करू नका, मी केला होता.

मीठ घालू नका आणि साखर पण नाही, पहिल्या वर्षात दिवसाला १ ग्रॅमच्या आतच मीठ चालतं आणि तेवढं दुधातून आणि साध्या अन्नातूनच होऊन जातं. ‘अगं अळणी कसं खाईल ती?’ असं माझी आई रोज म्हणायची. आई, तिला खारट म्हणजे काय हेच अजून माहीत नाही, तिला अळणी लागत नाहीये, तिला रताळं रताळ्यासारखं लागतंय. आईला हे पटायला वेळ लागला, पण आता तीच लेकीचं ताट मिठाच्या आधी वेगळं काढून ठेवते.

कडू-तुरट भाज्यांबद्दल धीर धरा. पालक पहिल्यांदा दिला तेव्हा लेकीने अंग शहारून घेतलं, दोन्ही डोळे मिटले, आणि सगळा लाळेऱ्यावर ओतला. दुसऱ्या दिवशी परत. मी सोडून देणार होते, पण डॉक्टर म्हणाल्या की आठ-दहा वेळा दिल्याशिवाय नावडतं असं म्हणायचं नाही. म्हणून एक चमचा, रोज नाही, दिवसाआड, जबरदस्ती अजिबात नाही, तोंड फिरवलं की वाटी बाजूला. नवव्या वेळेला तिने गिळला. चेहरा तसाच वाकडा, पण गिळला. आणि हेच कारण आहे की मला त्या हिरव्या पाऊचचा राग येतो, सफरचंदात लपवलेला ५ टक्के पालक खाऊन बाळाला पालकाची ओळख होतच नाही. फिलाडेल्फियात एक जुना प्रयोग झाला होता, २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला, त्यात ज्या आयांनी गरोदरपणात किंवा पाजत असताना गाजराचा रस घेतला होता त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचं सिरियल खाताना तोंड कमी वाकडं केलं. म्हणजे चवीची ओळख गर्भात, दुधातच सुरू होते, पहिल्या घासाच्या कितीतरी आधी. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, की पाजत असताना मी जे जे खात होते त्याचा पण तिला कुठेतरी उपयोग झाला असेल.

स्टीमर-ब्लेंडर मशीन. वाफवतं आणि त्याच भांड्यात घोटतं. घरात आलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता, बाळाचं सगळं एका बटणावर. आता ते वरच्या कपाटात आहे. वाफवतं चांगलं, पंधरा मिनिटांत गाजर मऊ, त्याबद्दल तक्रार नाही. पण घोटायचं बटण दाबलं की गंध उगाळावं तसं गुळगुळीत, कमी घोटायची सोयच नाही. सुरुवातीचे दोन आठवडे ते ठीक, त्यानंतर नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरातल्या हजारो मुलांवर वर्षानुवर्षं जो अभ्यास चालू आहे त्यात दिसलं की ज्या बाळांना दाणेदार, गाठी असलेलं खाणं दहा महिन्यांनंतर मिळालं त्यांना पंधराव्या महिन्यात भरवणं जास्त अवघड गेलं. मशीनने नेमकी तीच सवय लागते, बाळ पटकन खातं, आपल्याला बरं वाटतं, आणि नववा महिना उलटून जातो. शिवाय पात्याखाली मसूर अडकतो तो टूथब्रशने काढावा लागतो, आणि टाकीत पाण्याचा पांढरा थर साचतो. पाचपैकी दोन. ज्यांच्याकडे एक कढई, एक चाळण आणि झाकण आहे त्यांच्याकडे स्टीमर आहेच.

गाठी म्हटलं की सगळ्यांना भीती घशात अडकेल याची. मला पण होती. आठव्या महिन्यात केळ्याच्या तुकड्यावर लेकीला असा ठसका लागला, चेहरा लालभडक, डोळ्यांत पाणी, जीभ पुढे, ओकारीसारखा आवाज, मी उठून तिला उचलणार तेवढ्यात तुकडा तिनेच पुढे आणला आणि परत चावायला लागली. तो ठसका होता. ठसका म्हणजे आवाज असतो, खोकला असतो, बाळ स्वतःच काम करत असतं, तेव्हा तोंडात बोट घालायचं नाही, तुकडा अजून आत जातो. खरंच अडकलं तर आवाज येत नाही, खोकला येत नाही, रडता येत नाही, रंग बदलतो. त्या वेळी पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब, हे आलटून पालटून, आणि लगेच मदत बोलवायची. हे वाचून येत नाही, वरचं सुरू करायच्या आधी दोघांनीही एकदा प्रशिक्षण घ्या, आम्ही बाहुलीवर शिकलो, तासाभराचं काम आहे आणि पाच महिन्यांत मी केलेल्या सगळ्या गोष्टींत हे मला सगळ्यात जास्त मोलाचं वाटतं. अख्खी द्राक्षं, अख्खे दाणे, कच्च्या गाजराचे तुकडे, पॉपकॉर्न हे नाहीच. द्राक्ष दिलंच तर उभं चार भागांत चिरून. आणि बाळ बसलेलं असताना, ताठ, समोर मोठं माणूस असताना.

शेंगदाण्याबद्दल सल्ला पूर्ण उलटलाय, जुन्या लोकांना हे माहीत नसतं म्हणून लिहिते. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगत होती की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षं शेंगदाणा देऊ नका. २००८ मध्ये त्यांनीच तो सल्ला मागे घेतला. मग २०१५ मध्ये लंडनमधल्या गिडियन लॅक यांच्या टीमचा अभ्यास आला, तीव्र एक्झिमा (खाजरा, लाल चट्ट्यांचा त्वचेचा त्रास) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं, अर्ध्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाणा दिला, अर्ध्यांना पाच वर्षांपर्यंत नाही. देणाऱ्या गटात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. आम्ही शेंगदाण्याचं बटर, बिन मीठ-साखरेचं, चमच्याच्या टोकावर घेऊन कोमट पाण्यात अगदी पातळ केलं आणि ओट्समध्ये मिसळलं, सकाळी दिलं म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. घट्ट बटर चमच्याने देऊ नका, टाळूला चिकटतं. तुमच्या बाळाला तीव्र एक्झिमा असेल किंवा आधीच कशाची ॲलर्जी दिसली असेल तर मात्र आधी डॉक्टर, घरी प्रयोग नको. अंडं, शेंगदाणा, दूध-दही, गहू, मासे, एकेक करून, मध्ये दोन-तीन दिवस सोडून दिलं, म्हणजे काही झालं तर कशाने झालं ते कळतं.

आणि मध. भेट आलेल्या एका पुड्यावर मोठ्या अक्षरात ‘नैसर्गिक मधयुक्त’ लिहिलं होतं, ओट्सचा पुडा होता, मोठ्यांसाठीचा पण वर बाळाचं चित्र. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही, चाटवायचा पण नाही, कशात घातलेला पण नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या रुजतात, आणि तिथे विष तयार होऊन स्नायू लुळे पडतात. घरच्या उकळण्याने ते बीजाणू मरत नाहीत. मधाइतकं नैसर्गिक काय असणार सांगा, आणि तरी बाळाला चालत नाही, म्हणून मला आता तो शब्द पाकिटावर दिसला की मी पाकीट उलटं करूनच बघते. पुडा आम्ही मोठ्यांनी संपवला.

बारीकसारीक थोडं. सिलिकॉनचा मऊ चमचा चांगला, लहान तोंडाचा घ्या. लाळेरं खिसा असलेलं घ्या, सांडलेलं त्यात पडतं आणि लेक तिथून उचलून खाते. ज्यूस वर्षाच्या आत नको, पाणी उघड्या लहान कपाने दोन-दोन घोट. गाईचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतरच, खाण्यात मिसळलेलं चालतं. शिजवलेलं जास्तीचं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, एक घन म्हणजे साधारण दोन चमचे, महिन्याभरात संपवते. बाळाच्या उष्ट्या चमच्याची वाटी मात्र परत फ्रीजमध्ये नाही, लाळेने खराब होते, म्हणून आधीच थोडं वाढते, लागलं तर परत.

आता प्रवास. परवा आठ तासांचा प्रवास होता, वाटेत काय मिळेल माहीत नव्हतं, तेव्हा दोन पाऊच घेतले, पण शोधून घेतले. एक नुसत्या मटाराचा, मागे एकच ओळ, ‘मटार, पाणी’. दुसरा मसूर आणि टोमॅटोचा, त्यात पहिलं नाव मसूर होतं. दोन्ही तिच्या वाटीत पिळले आणि चमच्याने दिले, तोटी तोंडात दिली नाही. मटाराचा तिने अर्धा खाल्ला, मसुराचा पूर्ण. बरोबर डब्यात एक उकडलेलं अंडं, अर्धं केळं आणि तो काटा होता, आणि गाडी थांबल्यावर तिने सगळ्यात आधी अंड्याकडे हात केला.